पहाटेचा एक तास: तालीम, रंकाळा की घरची सतरंजी?

व्यायाम आणि साधना एकाच तासात बसवायला पाचला उठायचं ठरवलं तर कोल्हापुरात जागेची अडचण कधीच नसते. पेठेपेठेत तालमी आहेत, रंकाळा तलाव आहे, विद्यापीठाचा परिसर आहे, अंबाबाईचं देऊळ पहाटेच उघडतं. अडचण असते ती त्याच वेळेला घरात गॅस कोण पेटवणार याची. चाळिशीनंतरच्या चार वर्षांत मी या सगळ्या वाटा चालून बघितल्या. सुरुवातीला कशानं किती वजन उतरलं एवढंच मोजत होतो. मग एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, तुमचा व्यायाम झाला, देवदर्शन झालं. डबे मात्र मी एकटीनंच भरायचे का?" तेव्हापासून माझा हिशेब बदलला. माझ्या या तासाचा भार घरात कुणावर पडतो, हे मी आधी बघतो.

तालमीपासून सुरू करू, कारण कोल्हापुरात व्यायाम म्हटलं की पहिलं बोट तिकडंच जातं. शाहू महाराजांच्या काळापासून इथं कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं अजून आदरानं घेतली जातात. तालमीत साधना वेगळी करावी लागत नाही. कोपऱ्यात मारुती असतो, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, उतरताना माती कपाळाला लावायची, वस्तादासमोर आवाज चढवायचा नाही. जोर-बैठकांनी अंगात जी ताकद येते ती नुसत्या चालण्यानं येत नाही, हे मी स्वतःच्या पाठीवरून सांगतो.

पण दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे खुराक. गंगावेशीत धारोष्ण म्हशीचं दूध प्यायचं, वर थंडाई आणि तूप. हे शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या पोराला पचतं. आठ तास खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्याच्या पोटावर ते जसंच्या तसं जमा होतं. दुसरी गोष्ट अशी की घरचं माणूस त्यात कुठंच नाही. आता मुलीही कुस्ती खेळतात, पण चाळिशीच्या बायकोला पहाटे तालमीत जा म्हणणारा नवरा मी तरी बघितलेला नाही. अविवाहित असाल किंवा घरात हाताखाली माणसं असतील, तर तालमीसारखं दुसरं काही नाही.

जिमबद्दल थोडक्यात. वर्षाचे पैसे एकदम भरले आणि अकरा आठवडे गेलो. वेळ संध्याकाळी सात ते आठची, म्हणजे नेमकी देवापुढं दिवा लावण्याची आणि मुलीच्या गणिताची. वजनं उचलायला जिमइतकी सोयीची जागा नाही, यात वाद नाही. पण तास संध्याकाळचा असेल तर तो मुलांच्या वाट्यातूनच जातो.

रंकाळ्यावर मात्र दोघांना जाता येतं. आठवड्यातून तीन दिवस आम्ही संध्यामठाच्या बाजूनं चालतो. आई घरी असते म्हणून हे जमतं. घरी लहान मूल असेल आणि आजी-आजोबा गावाकडं असतील, तर ही वाट सध्या विसरा. चालता चालता घरातली निम्मी भांडणं मिटतात, हा फायदा वेगळाच.

साधनेच्या बाजूनं इथं एक गंमत आहे. चाल मध्यम वेगाची आहे की नाही हे ओळखायची साधी खूण अशी, की बोलता यावं पण गाता येऊ नये. म्हणजे अभंग खड्या आवाजात नीट म्हणता येत असेल, तर तुम्ही फेरफटका मारताय, व्यायाम नाही. मी बरेच महिने हेच करत होतो आणि वजन का हलत नाही म्हणून चिडत होतो. आता झपाझप चालतो आणि नाम मनातल्या मनात घेतो. परतीला एक फेरी सावकाश मारायची, तेव्हा काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हणावं.

जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं माप असं आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. रंकाळ्यावर पहिला भाग पुरा होतो, दुसरा अजिबात होत नाही.

चालून झाल्यावर अंबाबाईला जायचं असेल तर वार बघा. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्रात रांगेत उभं राहिलात तर ऑफिस बुडालंच म्हणून समजा. एरवी मुखदर्शन घेऊन लवकर बाहेर पडता येतं. रोज गाभाऱ्यापर्यंत गेलंच पाहिजे हा हट्ट मी सोडला, तेव्हा बायकोनं देवीचेच आभार मानले.

राहिली घरची सतरंजी. आधी मी तिला कमी लेखत होतो. सूर्यनमस्कार म्हणजे शाळेच्या मैदानावरची शिक्षा, अशीच आठवण होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत नमस्कार घालायला लावले, ते का, हे आता कळतं. बारा स्थिती, सूर्याची बारा नावं, आणि श्वास त्याच तालावर. व्यायाम संपवून मग जपाला बसायचं, अशी दोन कामं राहतच नाहीत. मला बारा नमस्कारांना सात-आठ मिनिटं लागतात. चोवीस घातले की घाम येतो आणि दंड भरून येतात. मुलगी शेजारी येऊन चार घालते, मध्येच हसते, निघून जाते. कुकरची शिट्टी मलाच ऐकू येते, गॅस मीच बंद करतो.

उणीवही सांगतो. नमस्कारात ढकलणं आहे, ओढणं नाही, त्यामुळं पाठीसाठी आठवड्यातून दोनदा बारला लटकावं लागतं. ब्लडप्रेशर किंवा मणक्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि घरात शिस्त लावायला वस्ताद नसतो. फोन हातात घेतला की तास गेला.

म्हणून, डबे तुम्हाला भरायचे असतील तर सतरंजी. घरात सांभाळणारं कुणी असेल आणि जोडीदार तयार असेल तर रंकाळा, आणि त्याच्या जोडीला दोन दिवस जोर-बैठका. उपवास धरणाऱ्यांनी साबुदाण्यावर भिस्त ठेवू नये, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. दही, ताक, शेंगदाणे जास्त घ्यावेत.

आणि माघ महिना मोकळा ठेवा. जोतिबा हिमालयाकडं परत निघाला तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई अनवाणी चालत गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या मागं कोल्हापूरकर रविवारी खेटे घालतात, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर पायी जातात. वाट साधारण १७-१८ किलोमीटर, शेवटचा चढ दमवणारा, आणि मागून पुढून 'चांगभलं' चालूच. गेल्या वर्षी आम्ही तिघंही निघालो. मुलीचे पाय वाटेतल्या कुशिरे गावाला दुखायला लागले, माझे त्याआधीच. नवे बूट घालून निघालो होतो. तुम्ही जुनेच घाला, आणि परतीला बसच्या तिकिटापुरते सुटे पैसे खिशात ठेवा.