लक्ष्मीपुरीतलं छपाई आणि फ्रेमिंगचं दुकान: पाच फुटी वंशावळ करून घेतली त्याचा अनुभव

माझे वडील पोरवयात सायकलवरून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीत दूध घालायचे. 1943 ते 1948 या काळात तिथं जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यातले बरेच पूर्व पोलंडचे, म्हणजे जो मुलूख पूर्वी लिथुआनियाच्या राजांचा होता तिकडचे. वितोल्ड, काझिमेश ही नावं वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत होती. ही राजांची नावं आहेत हे मला फार उशिरा कळलं, आणि मग मी त्या घराण्याच्या मागेच लागलो. दोन वर्षं खपून वंशावळ जमवली. ती भिंतीवर लावायची म्हणून लक्ष्मीपुरीतल्या बोळातल्या या दुकानात गेलो.

काम किचकट होतं. वर लिथुआनियाच्या या राजघराण्याचा मूळपुरुष गेदिमिनास, त्याचे सात मुलगे, त्यांच्या फांद्या. एका फांदीत योगायला, जो 1386 साली पोलंडच्या राणी यादविगाशी लग्न करून तिकडचा राजा झाला. दुसरीत त्याचा चुलत भाऊ व्हिताउतास, म्हणजेच पोलिश लोकांचा वितोल्ड. दोघांनी मिळून 1410 साली ग्रुनवाल्डला ट्यूटॉनिक सरदारांचा, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांचा, पाडाव केला. खाली वंशज घराणी: चार्तोरिस्की, सांगुश्को आणि रशियात गेलेले गोलित्सिन, त्रुबेत्स्कोय.

पहिलं प्रूफ चुकलं. जोडाक्षरं फुटली होती, ते एक वेळ चाललं असतं. पण राजीविल घराण्याची रेघ थेट गेदिमिनासच्या वंशाला जोडलेली होती. राजीविल लिथुआनियाचे मोठे सरदार, पण रक्तानं या वंशातले नव्हेत. त्यांच्या घरची बार्बरा राजा झिगमुंट ऑगस्टची राणी झाली, नातं तेवढंच. 1551 साली ती गेली. राजा 1572 साली निपुत्रिक वारला, तिथं योगायलाच्या राजवंशाची पुरुष शाखा संपली आणि पुढचे राजे सरदारांनी निवडून आणले. डिझाइन करणाऱ्या मुलीला हे समजावताना तिनं विचारलं, "काका, मग दत्तक का नाही घेतला?"

कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आपले शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातून 1884 साली दत्तक आले. मी तिला सांगितलं की तिकडं दत्तक झालं ते निराळंच. 1413 साली होरोद्लो इथं पोलंडच्या 47 सरदार घराण्यांनी लिथुआनियाच्या सरदारांना आपापल्या कुलचिन्हात सामील करून घेतलं. राजीविलांच्या चिन्हातली तीन काळी शिंगं त्यांच्या पूर्वजाला अशीच मिळाली. ती गप्प ऐकत बसली, मग आपणहून म्हणाली, "रक्ताची रेघ लाल ठेवू, लग्नाची दुहेरी, आणि ही चिन्हाची नाती तुटक हिरव्या रेघेनं दाखवू." माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आता माझ्या नातवालासुद्धा तक्ता वाचता येतो.

दुसरं प्रूफ त्यांनी फुकट काढून दिलं. छपाई, मॅट लॅमिनेशन आणि सागवानी पट्टीची फ्रेम धरून 4,200 रुपये झाले. रंग स्वच्छ आलेत, बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचता येतं. दिलेल्या तारखेपेक्षा चार दिवस उशीर झाला, आणि फोन करून कुणी कळवलं नाही, हे मला खटकलं. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा पातळ आहे. पावसाळ्यात ओल धरेल म्हणून मी हार्डबोर्ड बदलून मागितला, तो त्यांनी दीडशे रुपये जादा घेऊन बसवला. तुम्ही सुरुवातीलाच मागा.

घरचा वंशवृक्ष करून घ्यायचा असेल तर बिनधास्त जा. नावं मात्र एका कागदावर स्वच्छ हातानं लिहून न्या, आणि त्या मुलीसमोर बसूनच प्रूफ तपासा.