मेसचा आकडा: ग्रुपवरचा पोल बरा की बुकिंगचं ॲप?

नवं सत्र सुरू झालं की होस्टेलच्या मेस कमिटीत हा विषय निघतोच. आज किती जण जेवणार हे आधी कळावं म्हणून ग्रुपवर पोल टाकायचा, की पैसे मोजून बुकिंगचं ॲप घ्यायचं? नागपुरातल्या आमच्या होस्टेलमध्ये दोन्ही वापरून झालंय. पोलमध्ये ‘जेवणार’ की ‘नाही’ यावर बोट लावायचं; ॲपमध्ये प्रत्येकाच्या जेवणाची नोंद राहते आणि आकडा तिथूनच मिळतो.

मेसमध्ये अन्न दोन जागी वाया जातं. काही भांड्यात उरतं, काही ताटात टाकलं जातं. पोल काय नि ॲप काय, इलाज फक्त पहिल्यावर. भाजी बेचव असेल तर ती बादलीतच जाणार. तिथे महाराजांशी, म्हणजे स्वयंपाक्याशी, बोलावं लागतं आणि पहिल्यांदा अर्धाच डाव वाढावा लागतो. हे कुठलंच ॲप करत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं आणि २८ टक्के हॉटेल, कँटीन, मेस अशा ठिकाणचं. पण घरी निदान कोण जेवायला आहे हे आईला माहीत असतं. शनिवारी संध्याकाळी निम्मी पोरं फुटाळा तलावावर असतील की अभ्यासिकेत, हे मेसमध्ये कोण सांगणार?

पोलच्या बाजूने बोलायचं तर तो फुकट आहे, कुणाला काही शिकवावं लागत नाही, आणि मेस चाळीस-पन्नास जणांची असेल तर मीही तोच सुचवेन. एकमेकांना ओळखणारी पोरं असली की काम भागतं.

आमची मेस त्याहून बरीच मोठी. तिथे मला छळलं ते गप्प बसणाऱ्यांनी. ‘जेवणार’वाले बोट लावतात, ‘नाही’वालेही थोडेफार लावतात, पण उरलेल्यांचं काय धरायचं? जेवायला येणार म्हणून गप्प आहेत, की गावाला गेलेत म्हणून? त्यातच कुणाचा तरी वाढदिवस निघतो, शुभेच्छांच्या लोंढ्यात पोल वर सरकतो आणि दिसेनासा होतो. मग रोज संध्याकाळी ‘पोल भरा रे’ म्हणून मीच ओरडायचो. इकडे महाराज कणकेच्या परातीपाशी उभे: "भाऊ, थो मोबाइल राहू द्या. भात किती जणायचा टाकू, तेवढं सांगा." मग मी अंदाजाने आकडा द्यायचो, आणि जेवण कमी पडलं तर बोंब होईल या भीतीने तो नेहमी चढाच द्यायचो. उरायचं ते तिथूनच.

आमच्या ॲपमध्ये हा घोळ नव्हता. काही केलं नाही तर तुम्ही जेवणार असं ते धरतं. येणार नसाल तर सुट्टी लावायची. त्यामुळे गप्प बसण्यालाही अर्थ आला. वेळ झाली की यादी बंद, आकडा पक्का. तो आम्ही चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहितो, कारण शिजवताना फोन बघायला महाराजांना सवड नसते.

ॲपची दुखणीही सांगतो. दारात क्यूआर स्कॅन करायची पद्धत आम्ही लवकरच बंद केली. ताट एका हातात, फोन दुसऱ्या हातात आणि रांग जिन्यापर्यंत. वर दर महिन्याचं भाडं. आणि खरं सांगायचं तर, सुट्टी लावल्यावर बिलातून थोडे पैसे कमी होत नसतील तर कुणी बटण दाबत नाही. पोरं ॲपसाठी नाही, रिबेटसाठी बटण दाबतात. मेसवाला आधी कुरकुरतो. महिन्याचे पैसे ठरलेले असल्याने न येणारा पोरगा त्याला वरवर फायद्याचाच वाटतो. पण त्याच्या वाटचा भात शिजून गेला असेल तर कसला फायदा? हे पटलं की तो वाचलेल्यातला वाटा द्यायला तयार होतो. आमचा तरी झाला.

उरलेलं अन्न वाटणारी ॲप हा तिसरा पर्याय कुणी तरी सुचवेलच. कल्पना चांगली आहे, पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना रात्री उरलेलं वरण कुणी न्यायला येईपर्यंत चांगलं राहील, याची मला तरी खात्री वाटत नाही. न उरलेलं बरं.

तुमच्याकडे वेगळं चित्र असू शकतं. पण मोठी मेस असेल तर मी ॲपकडेच झुकेन, आणि पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घेईन. एक, रात्रीच्या जेवणाची सुट्टी त्याच दिवशी चार वाजेपर्यंत लावता येते का? आदल्या रात्रीच यादी बंद होत असेल तर पोरांचे बेत तोवर ठरलेले नसतात. कॉटन मार्केटची भाजी सकाळीच येते हे खरं, पण भात आणि पोळ्यांचं चारनंतरही सांभाळता येतं. दुसरं, कमिटीतल्या कुणालाही तो आकडा उघडता येतो का? नाहीतर सेक्रेटरी गावाला गेला की महाराज पुन्हा अंदाजाने तांदूळ काढणार.