क्रेडिट हिस्ट्री नसलेला भाडेकरू आणि ‘स्मार्टमूव्ह’चा अहवाल

न्यू जर्सीत पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्याने भाडेकरू निवडताना घाई करू नये, याचे कारण तिथल्या कायद्यातच आहे. 1974च्या अँटी-एव्हिक्शन ॲक्टनुसार केवळ लीजची मुदत संपली म्हणून भाडेकरूला घर सोडायला लावता येत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या आणि भाड्याने दिलेले भाग (युनिट) दोनपेक्षा अधिक नसलेल्या घरांना यातून सूट आहे. एडिसनमधील आमचे टाउनहाऊस भाड्याने देताना म्हणूनच मी ट्रान्सयुनियन या क्रेडिट नोंदी ठेवणाऱ्या कंपनीची ‘स्मार्टमूव्ह’ ही भाडेकरूची पार्श्वभूमी तपासणारी ऑनलाइन सेवा घेतली. अर्जदारांपैकी बरेच जण भारतातून नोकरीसाठी नुकतेच आलेले होते, त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः तशा अर्जदारांपुरते आहे.

नव्या मालकाला सेवेची रचना सोयीची वाटेल. अर्जदाराला ईमेलने निमंत्रण जाते, तो आपली ओळख पटवून संमती देतो आणि त्यानंतरच अहवाल मालकाला दिसतो. त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) आपल्याकडे येत नाही, ही दोघांच्याही दृष्टीने मोठी निश्चिंती आहे. ही चौकशी ‘सॉफ्ट’ असल्यामुळे अर्जदाराच्या क्रेडिट स्कोअरला धक्का लागत नाही. शुल्क कोणी भरायचे ते मालक ठरवतो. ते मीच भरले, कारण परदेशात नव्याने घर मांडणाऱ्यावर तो भार टाकणे मला पटले नाही.

अडचण येते ती प्रत्यक्ष अहवाल वाचताना. 350 ते 850 या पट्टीवरचा ‘रेसिडेंटस्कोअर’, म्हणजे भाडेकरूंसाठीचा या सेवेचा स्कोअर, जुन्या रहिवाशाबद्दल पुष्कळ सांगतो, पण पुण्यात वर्षानुवर्षे गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरलेल्या माणसाचीही अमेरिकेतली पाटी कोरीच असते. अमेरिकेतला नेहमीचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे फायको स्कोअरसुद्धा किमान एक खाते सहा महिन्यांचे झाल्याशिवाय तयार होत नाही. उत्पन्नाचा भागही इथे तोकडा पडतो, कारण अर्जदाराने सांगितलेली रक्कम त्याच्या क्रेडिट व्यवहारांशी ताडून पाहण्यावर तो उभा आहे आणि इथे ताडायला व्यवहारच नसतात. कोरी फाइल आणि वाईट फाइल यांतला फरक मालकालाच ओळखावा लागतो.

तेव्हा खरा निर्णय कागदपत्रांवर होतो. ऑफर लेटर, अलीकडच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या) आणि बँक स्टेटमेंट मागावे, आणि नोकरीची खातरजमा कंपनीच्या जाहीर क्रमांकावर फोन करून करावी, अर्जदाराने दिलेल्या मोबाइलवर नव्हे. महाराष्ट्रातून आलेल्यांकडे बहुधा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असतो आणि सिबिलचा अहवाल त्यांना स्वतः काढता येतो. स्कोअरची जागा हे कागद घेत नाहीत, पण माणसाची परतफेडीची सवय दाखवतात. शंका उरलीच तर सहस्वाक्षरी करणारा, म्हणजे भाडे थकल्यास जबाबदारी घेणारा, मागावा. ‘क्रेडिट नाही, तर तिप्पट डिपॉझिट द्या’ हा मार्ग बंद आहे, कारण न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा अधिक डिपॉझिट घेता येत नाही.

मात्र निकष आधी लिहून ठेवावेत आणि सर्वांना सारखेच लावावेत. आडनाव ओळखीचे निघाले म्हणून एकाला पे-स्टब माफ आणि दुसऱ्याला नाही, हा आपलेपणा 1968च्या फेअर हाउसिंग ॲक्टखाली राष्ट्रीय मूळावरून केलेला भेदभाव ठरू शकतो. अहवालामुळे नकार दिला, किंवा नुसता सहस्वाक्षरी करणारा मागितला, तरी फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार अर्जदाराला तसे कळवावे लागते.

ओळख पटवणे आणि घर रिकामे करून घेण्याच्या जुन्या दाव्यांची नोंद पाहणे, एवढ्यासाठीही मला ही सेवा शुल्कास पात्र वाटते. पॅकेज निवडताना मात्र एक पाहावे: 2022पासून न्यू जर्सीत बहुतेक घरांच्या बाबतीत सशर्त होकार देण्याआधी अर्जदाराच्या गुन्हेगारी नोंदी तपासता येत नाहीत, त्यामुळे तो भाग असलेला अहवाल पहिल्याच फेरीत मागवू नये.