चार्जर डेटोना १:२५: काही महिने काम केल्यानंतरचा अनुभव

१९६९च्या डॉज चार्जर डेटोना या अमेरिकन गाडीचं १:२५ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढं, घरी जोडायचं प्लास्टिक किट घ्यावं का, या प्रश्नाला माझं उत्तर 'जरूर घ्यावं' असंच आहे. मात्र आठवड्याभरात शेल्फवर ठेवायची गाडी म्हणून ते घेऊ नका. गेल्या हिवाळ्यात काम सुरू केलं आणि उन्हाळा लागला तेव्हा गाडी चाकांवर उभी राहिली. तेव्हापासून ती रोज डोळ्यांसमोर आहे. काय टिकलं, कुठे घातलेला वेळ सार्थकी लागला, हे आता खात्रीनं सांगता येतं.

आधी गाडीविषयी थोडं, कारण ती कळली की किटमधल्या अर्ध्या पार्टांचा अर्थ लागतो. १९६८च्या चार्जरची मागची काच आत खोल बसवलेली होती. दिसायला देखणी, पण नॅसकार या अमेरिकन मोटार शर्यतींच्या लांब ट्रॅकवर तिथेच हवा घुटमळायची आणि गाडीचा मागचा भाग हलका व्हायचा. म्हणून डेटोनात काच छताच्या उतारात सपाट आणली, पुढे सुमारे १८ इंचांचं पोलादी नाक जोडलं आणि मागे २३ इंच उंच अ‍ॅल्युमिनियमचा पंख उभा केला. शर्यतीत उतरवायची तर तशा ५०० गाड्या विकायला काढणं बंधनकारक होतं. डॉजनं ५०३ केल्या, आणि नाक-पंख बसवण्याचं काम डेट्रॉईटच्याच क्रिएटिव्ह इंडस्ट्रीजनं केलं. मी राहतो ते गाव तिथून फार लांब नाही, त्यामुळे या गाडीबद्दल मला थोडा जास्तच जिव्हाळा आहे. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकरनं अशाच डेटोनातून ताशी २००.४४७ मैल, म्हणजे ३२२ किलोमीटरच्या वर, वेग गाठला. बंदिस्त ट्रॅकवर ताशी २०० मैलांच्या पुढे गेलेली नॅसकारची ती पहिली गाडी.

आता डबा. त्यावरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अमेरिकन किटांचे साचे एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत आले आहेत. आज दुकानात दिसणारा नवाकोरा, चकचकीत डबा आतून पन्नास वर्षांपूर्वीच्या साच्यातला असू शकतो. माझा तसाच होता. तेव्हा डब्याचं चित्र बघून भुलू नका, साचा कोणत्या साली कापलाय ते आधी शोधा. १:२५ हे माप या भागात रुजलं ते मोटार कंपन्यांच्या शोरूममध्ये वाटल्या जाणाऱ्या छोट्या प्रमोशनल गाड्यांमुळे. त्या बनवणाऱ्या मिशिगनच्या एएमटीनं १९५८मध्ये 'थ्री इन वन' किट आणलं: एकाच डब्यातून साधी, सजवलेली किंवा शर्यतीची गाडी, हवी ती बनवा. जुन्या साच्यांना म्हणून एक मोठा गुण चिकटलेला आहे. साचा कापला तेव्हा खरी गाडी रस्त्यावर होती, आणि छताचा उतार, दाराची कड असं बरंच काही त्यात अचूक उतरलंय. त्रासही त्याच वयाचा. पार्टांच्या कडेनं फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा पातळ प्लास्टिक, येतो, जाड भागांवर खळगे पडतात, एक्झॉस्ट चॅसिसलाच चिकटलेला असतो. पुढचा धातूचा अ‍ॅक्सल चक्क इंजिन ब्लॉकमधून आरपार जायची सोयही अनेक जुन्या किटांत आहे. ते भोक पुट्टीनं बुजवून अ‍ॅक्सलचे दोन तुकडे करणं माझ्या मते अनिवार्य आहे.

बॉडीवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला, आणि आज गाडी ज्या कोनातून पाहावी तिथून तो दिसतो. साच्याचे भाग जिथे मिळतात ती बारीक रेघ पुढच्या मडगार्डवरून आणि मागच्या खांबावरून जाते. पांढऱ्या प्लास्टिकवर ती डोळ्यांना दिसत नाही, राखाडी प्रायमर मारला की लगेच उठून येते. ४०० आणि मग ६००च्या सँडपेपरनं ती घालवली. त्याआधी दारांच्या आणि डिकीच्या फटी उलट्या ब्लेडनं हलक्या हातानं खोल करून घेतल्या, नाहीतर रंगाचे थर त्या भरून टाकतात आणि दार नुसतं रेघोटीसारखं उरतं. नाक वेगळा पार्ट आहे. ते बॉडीला चिकटवून सांधा पुट्टीनं गुळगुळीत करावा असं वाटतं, पण करू नका. खऱ्या गाडीत नाक आणि मडगार्ड यांच्यातली फट स्पष्ट दिसते. ती सरळ आणि सारखी आणणं हेच खरं काम. मागच्या काचेभोवती मात्र उलट: तिथे खऱ्या गाडीचा पत्रा घासून एकसंध केलेला होता, म्हणून तिथे एकही सांधा उरता कामा नये. पुढच्या वर्षीच्या प्लिमथ सुपरबर्डला काळं व्हिनाइलचं छत दिलं ते हीच जागा झाकायला. दोन्ही किटं शेजारी ठेवणार असाल तर हा फरक जपा.

रंगासाठी तामियाचा स्प्रे कॅनमधला लाल लॅकर वापरला. कॅन कोमट पाण्यात धरून, पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. मेटॅलिक रंगाची हौस असेल तर सावध राहा, कारण खऱ्या गाडीच्या रंगातली चकाकी १:२५मध्ये वाळूच्या खड्यांएवढी दिसते. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, दोन आठवडे कडक होऊ दिला आणि मग ३२००पासून १२०००पर्यंतच्या पॉलिशिंग कापडांनी ओल्यानं घासला. कडांवर हात हलका ठेवावा लागतो, रंग तिथेच आधी उडतो. महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी लॅकर पावसाळ्यात टाळावा. दमट हवेत त्यावर दुधी झाक चढते. कॉम्प्रेसर वापरत असाल तर पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, आणि वाफांसाठीचा खरा मास्कही. धुळीसाठीचा कापडी मास्क लॅकरच्या वाफांपुढे काही कामाचा नाही.

इंजिन हा या किटाचा आत्मा आहे. पुष्कळ जपानी किटांत बॉडीचं काम अप्रतिम असतं, पण बॉनेट बंद आणि खाली इंजिनच नसतं. मसल कारच्या, म्हणजे दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांच्या, बाबतीत ते मला पटत नाही. ही गाडी लोकांनी इंजिनासाठी घेतली, मग बॉनेट उघडायलाच हवं. डेटोनात बहुतेकींना ४४० मॅग्नम इंजिन होतं, जेमतेम ७० गाड्यांना ४२६ हेमी, म्हणजे सात लिटर आणि कागदोपत्री ४२५ हॉर्सपॉवर. हेमीचा ज्वलनकक्ष अर्धगोल, व्हॉल्व्ह दोन बाजूंना कललेले आणि स्पार्क प्लग बरोबर मध्ये. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर एवढी रुंद आणि प्लगच्या वायरी थेट कव्हरच्या मध्यातून आत जातात. किटमध्ये या वायरी नाहीत. प्रत्येक कव्हरवर चार जागा ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलनं पाडल्या आणि तेवढ्याच जाडीची वायर घातली. खरी वायर सात मिलिमीटरची असते, त्याचा पंचविसावा हिस्सा जवळपास तेवढाच येतो. बाजारात मिळणाऱ्या जाड वायरी घेतल्या तर इंजिनावर दोरखंड पडल्यासारखे वाटतात. प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर पुढे आहे, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२, विषम सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला. या क्रमानं वायरी लावल्या की त्या आपोआप खऱ्यासारख्या वळणानं बसतात, सजावट करावी लागत नाही. ब्लॉक केशरी, कव्हर काळी आणि खडबडीत. दोन कार्टर कार्ब्युरेटर एकामागे एक बसतात, एअर क्लीनर चढला की झाकले जातात. तरी मी ते रंगवले, त्यांच्या इंधनाच्या नळ्याही घातल्या. एअर क्लीनर न चिकटवता नुसता ठेवलाय, येणारा प्रत्येक पाहुणा तो उचलून बघतो.

क्रोमच्या पार्टांना चिकटवण्याआधी तेवढी जागा खरवडा, कारण सिमेंट, म्हणजे मॉडेलचा गोंद, प्लास्टिक विरघळवून जोडतं आणि क्रोमचा थर त्याला आत जाऊ देत नाही. जो पार्ट खऱ्या गाडीत क्रोमचा नव्हताच त्याचं क्रोम साध्या ब्लीचमध्ये उतरतं. काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांना ब्रशनं चांदी लावू नका. बेअर-मेटल फॉइल, म्हणजे चिकट पाठीचा पातळ धातूचा पत्रा, लावून कापसाच्या काडीनं दाबायची आणि नव्या ब्लेडनं कापायची. ब्लेड बोथट झालं की फॉइल फाटते, तेव्हा ब्लेडच्या बाबतीत काटकसर नको.

डिकॅलबद्दल, म्हणजे पाण्यात भिजवून बॉडीवर सरकवायच्या छापील चित्रांबद्दल, एकच महत्त्वाचं. मागच्या पांढऱ्या पट्ट्यात डेटोना ही अक्षरं बॉडीच्याच रंगाची, म्हणजे पट्ट्यात कापलेली असतात. लाल बॉडीवर एकच थर लावला तर पट्टा गुलाबी दिसतो. मी दुसरा संच मिळवून तंतोतंत वर बसवला, डिकॅल मऊ करणाऱ्या मायक्रो सॉल द्रवानं दोन्ही बॉडीवर घट्ट बसले. हा खटाटोप नको असेल तर पट्टा आणि पंख काळे करा, तोही खऱ्या गाडीचाच पर्याय होता.

आतल्या कार्पेटला एम्बॉसिंग पावडर (हस्तकलेत वापरतात ती बारीक भुकटी) पुरते. हत्यारांत पार्ट कापायचा चांगला निपर आणि पातळ सिमेंट यावर पैसे घाला. एअरब्रश पहिल्या किटाला नसला तरी चालतो. काचा सुपर ग्लूनं लावू नका, त्याच्या वाफेनं त्या धुरकट होतात. त्यांना पांढरा पीव्हीए गोंदच बरा. किट इथे तीसेक डॉलरला मिळतं. रंग, फॉइल आणि दुसरे डिकॅल धरले तर खर्च त्याच्या दुपटीच्या पुढे जातो, आणि मला तो योग्य वाटतो.

पंखाचे दोन्ही खांब नुसत्या सिमेंटवर न सोडता आत पितळी पिन घातली होती. पुसताना हात लागूनही ते जागचे हललेले नाहीत. छताच्या कडेची फॉइल एका कोपऱ्यात किंचित उचलली होती, लाकडी टूथपिकनं दाबली, पुन्हा उठली नाही. रंगाची चमक तशीच आहे, कारण कपाट उन्हापासून दूर आहे. टायरांखाली मात्र बेकिंग पेपरचे छोटे तुकडे ठेवलेत. जुन्या किटांच्या व्हिनाइल टायरांतून सुटणारं द्रव्य प्लास्टिक खातं, आणि माझ्या कपाटाचा तळ अ‍ॅक्रिलिकचा आहे. रिमच्या आतल्या बाजूलाही त्याच कारणानं क्लिअरचा एक हात दिला होता. परवा एक चाक काढून पाहिलं, रिम स्वच्छ होती.