पहिल्या एल्क शिकारीची रायफल आणि बाकीचं सामान: नऊ महिने वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल हंगामासाठी हे सगळं सामान एप्रिलमध्ये घेतलं. उन्हाळाभर रेंजवर आणि डोंगरात वापरलं, मग हंगामात बर्फ-चिखलात. आता डिसेंबर संपत आलाय. रायफलीतून साधारण 280 फैरी झाल्यात आणि बुटांचे तळवे निम्मे झिजलेत. सगळ्यात जास्त डोकं रायफल निवडण्यात खपलं आणि सगळ्यात कमी त्रास तिनेच दिला. पहिल्यांदाच जाणाऱ्याने यादी उलटीकडून करावी. सावज पडल्यावर काय लागतं ते आधी लिहावं, मग तिथपर्यंत पोचायला काय लागतं ते, आणि रायफल सगळ्यात शेवटी.

कारण आकडे तसे आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण त्याहून थोराड. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या पुढे जातो. हाडं काढून टाकली तरी खायचं मांस 90-100 किलो भरतं, मादीचं 65-75. एका माणसाने 20-20 किलोच्या पाच खेपा धरा. गाडी 3 किलोमीटरवर असेल तर पाचदा ओझं घेऊन आणि चारदा रिकामं, म्हणजे 27 किलोमीटर चाल. तीही कशी? कळसूबाईचं टोक 5,400 फुटांवर आहे. इथे गाडी लावायची जागाच बऱ्याचदा 9,000 फुटांवर असते.

खरेदीच्या आधी: व्हिसा आणि परवाना

मराठी मंडळींपैकी जे एच-1बी, एल-1, एफ-1 किंवा एच-4 वर आहेत त्यांनी हे नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही त्यातच येतं. नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदतीतला शिकार परवाना. म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. दुकानात 4473 नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हाच प्रश्न विचारलेला असतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, तेव्हा रायफल घरात असेपर्यंत नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. शंका असेल तर दुकानदाराला विचारून भागवू नका, वकिलाला विचारा. इथली चूक व्हिसावर येते.

कोलोरॅडोत 1 जानेवारी 1949 ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशन सक्तीचं आहे. ड्रॉचे, म्हणजे परवान्यांच्या सोडतीचे, अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात, म्हणजे कोर्स हिवाळ्यातच उरकलेला बरा. नियमपुस्तिका दर वर्षी बदलते, म्हणून त्याच वर्षीची वाचा.

रायफल

बोल्ट ॲक्शन (दर फैरीनंतर हाताने बोल्ट ओढायची), काडतूस .30-06, स्टेनलेस नळी, सिंथेटिक दस्ता, रिकामी 2.9 किलो. दुर्बीण, रिंगा (ती धरणाऱ्या कड्या), पट्टा आणि चार काडतुसं धरून 3.6 किलो. टिक्का टी3एक्स, रुगर अमेरिकन, सॅव्हेज 110 या तिन्हींपैकी जी खांद्याला नीट बसेल ती घ्या. अचूकतेत पहिल्या शिकारीला जाणवेल असा फरक यांच्यात नाही.

कोलोरॅडोत एल्कसाठी कायद्याने किमान .24 कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात) आणि 85 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लागते. ती कायद्याची किमान मर्यादा झाली, शिफारस नव्हे. .270, .308, .30-06, 7 मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम, यातलं काहीही चालेल. .300 विन मॅग हे जास्त ताकदीचं मॅग्नम काडतूस पहिल्या वर्षी घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे. त्याच वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का .30-06 पेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त बसतो. त्यामुळे वीस फैरींनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. हे तपासायचं असेल तर दुसऱ्या कोणाला मॅगझिन भरायला सांगा आणि मध्येच एखादं खोटं काडतूस घालायला लावा. ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) आलं की फैर होत नाही आणि नळीचं टोक खाली डुचमळताना स्पष्ट दिसतं. .30-06 वर ही खोड चार-पाच रेंज फेऱ्यांत जाते, मॅग्नमवर ती मुरते.

हलक्या रायफलीची नळी बारीक असते. तीन फैरींनंतर ती तापते आणि चौथी-पाचवी गोळी सरकते. नवखा माणूस ते पाहून दुर्बिणीचे नॉब फिरवत बसतो आणि झिरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी यांची जुळवणी) बिघडवतो. तीन फैरी, मग दहा मिनिटं बोल्ट उघडा ठेवून विश्रांती, असं करावं. शिकारीत महत्त्वाची असते ती थंड नळीची पहिली गोळी. म्हणून प्रत्येक फेरीची पहिली गोळी कुठे लागली ते वहीत वेगळं लिहा.

दुर्बीण बसवताना

3-9x40 (3 ते 9 पट मोठवण, पुढची काच 40 मिलिमीटर) पुरते. जास्त मोठवण असलेली दुर्बीण जड असते, आणि जंगलातल्या 60 यार्डांवर 5x पासून सुरू होणारी नजर जनावर शोधेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने आवळा. बहुतेक दुर्बिणींना 15 ते 18 इंच-पाउंड लागतात. अंदाजाने आवळलेल्या रिंगांमुळे नळी दबते आणि मोठवण फिरवायची कडी जड होते. ढिल्या राहिल्या तर दुर्बीण धक्क्याने पुढे सरकते. रिंगेच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा, सरकली तर लगेच कळतं.

चूक हमखास होते ती अशी. दुर्बीण बसवतात जुलैमध्ये, टी-शर्टवर. ऑक्टोबरमध्ये आत लोकरी बनियन, वर फ्लीस, वर जाकीट, त्यावर भगवं जॅकेट. दस्ता दोन-अडीच सेंटिमीटर पुढे जातो आणि डोळ्यासमोर पूर्ण वर्तुळाऐवजी काळी कडा येते. म्हणून घाम आला तरी बसवताना पूर्ण कपडे घाला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. वर्तुळ पूर्ण दिसलं पाहिजे. मग जमिनीवर बसून चढाच्या दिशेने तेच करा. चढावर नेम धरताना डोळा दुर्बिणीच्या जवळ येतो आणि भुवई फुटते ती तिथेच.

झिरो आणि काडतुसं

165 ग्रेनची, पूर्ण तांब्याची गोळी वापरली. मांसात शिशाचे कण राहत नाहीत आणि गोळी फुटून विखुरत नाही. नोझलर पार्टिशनसारखी शिशाची पण मधे भिंत असलेली गोळीही एल्कवर वर्षानुवर्षं सिद्ध आहे. पण एकदा जी ठरवाल त्याच कंपनीच्या त्याच वजनाच्या सहा-सात पेट्या एकदम घ्या. स्वस्त काडतुसांवर सराव आणि महागड्यांवर शिकार करायची असेल, तर दोन्हींचा झिरो वेगळा येईल हे लक्षात ठेवा.

सुरुवात 25 यार्डांवरून. दुर्बिणीचा एक टिचका 100 यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे 25 यार्डांवर एक इंचाला 16 टिचके. कागदावर मध्य साधला की 100 यार्डांवर जा आणि गोळ्या मध्याच्या साधारण 2 इंच वर आणा. मग 200 यार्डांवर प्रत्यक्ष मारून खात्री करा. 200 ला झिरो असेल तर 300 वर गोळी सुमारे 8 इंच खाली जाते, 400 वर जवळपास 23 इंच. या शेवटच्या आकड्यामुळेच पहिल्या वर्षी 300 च्या पुढे मारू नये. अंतर ओळखण्यात 30 यार्डांची चूक 250 वर खपून जाते. 400 वर तीच चूक गोळी पोटात घालते आणि जनावर जखमी होऊन हातचं जातं.

झिरो झाला की बेंच (रेंजवरचं टेबल) सोडा. 9 इंची कागदी प्लेट लावा आणि बसून, गुडघ्यावर, पिशवीवर टेकून, काठ्यांच्या आधाराने मारा. एल्कच्या छातीतलं हृदय-फुफ्फुसाचं क्षेत्र प्लेटपेक्षा बरंच मोठं असतं, पण धाप लागलेल्या माणसाला ती उरलेली जागा लागतेच. ज्या अंतरावर पाचपैकी पाच प्लेटमध्ये बसतात तेवढंच तुमचं अंतर. बसून मारताना आमचं ते 220 यार्ड ठरलं. नेम पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर. नीट लागलेला एल्कही बऱ्याचदा तसाच उभा राहतो. बघत बसू नका, बोल्ट ओढा आणि तो खाली बसेपर्यंत मारत राहा.

बूट

पैसे वाचवायची ही जागा नाही. 10 इंच उंच, चामड्याचे, तळवा इतका कडक की हाताने सहज वाकू नये. आडव्या उतारावर मऊ तळव्याचा बूट पायाखालीच पिळवटतो. संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, जाड लोकरी मोजे घालून माप घ्या. दुकानातल्या उतरत्या फळीवर उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला तर तो बूट नकोच. मुरायला 100-150 किलोमीटर लागले. त्यातलं शेवटचं निम्मं ओझ्यासकट चाललो. त्यासाठी पाण्याचे कॅन उत्तम. 20 लिटर पाणी वर चढवायचं आणि माथ्यावर ओतून टाकायचं, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. ओले बूट शेकोटीजवळ वाळवू नका. चामडं तडकतं आणि तळव्याचा डिंक सुटतो. आमच्या जोडीची पुढची रबरी पट्टी अशीच उकलली.

पाठीवरची फ्रेम

साध्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये मांस भरलं तर सगळं वजन तळाशी बसतं आणि सॅक मागे ओढते. फ्रेम पॅकमध्ये मांस फ्रेम आणि पिशवी यांच्या मधल्या फळीवर, खांद्याच्या पात्यांच्या पातळीला, पाठीला चिकटून बांधतात. तेच ओझं हलकं वाटतं. कंबरपट्टा कंबरेच्या हाडावर, आधी तो आवळायचा, खांद्याचे पट्टे नंतर. पहिल्या फ्रेमचं कंबरेचं बक्कल थंडीत तुटलं, म्हणून एक जादा बक्कल आता कायम खिशात असतं.

सुरी आणि मांस

पाती बदलता येणारी सुरी कातडीसाठी अप्रतिम आहे. सांध्यावर ती वाकवू नका, पातं तुटून मांसात हरवतं. सांध्यांसाठी 4 इंचांची अखंड सुरी ठेवा. पोट न फाडता काम होतं: जनावर कुशीवर, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून चीर, कातडी खाली सोलत जा. पुढचा फरा हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो, पाय उचलून धरला की आतल्या पडद्यावरून सुरी फिरवताच सुटतो. मांडीला खुब्याचा सांधा असतो. पाय वर उचला, सुरीच्या टोकाने वाटीच्या कडेला चाचपडा. पांढरी, टणक दोरी लागते. ती कापली की ओला ‘टक’ असा आवाज येतो आणि अख्खी मांडी हातात येते. दुसऱ्या माणसाने ती धरलेली बरी. मग पाठीची पट्टी, मानेचं मांस, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली पट्टी. उलटं करून पुन्हा तेच.

मांस बिघडतं ते मांडीच्या हाडापाशी, आतून, कारण जाड गोळ्यात उष्णता अडकून राहते. गाडी लांब असेल तर हाडाच्या लांबीने चीर देऊन हवा लागू द्या किंवा हाड काढूनच टाका. पण एका मांडीवर लिंगाचा पुरावा नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या, कोलोरॅडोत तो लागतो. टॅगही (परवान्यासोबत येणारी चिठ्ठी) तिथेच सही-तारखेसह लावायचा. पाच जाळीदार पिशव्या आणि 15 मीटर दोरी न्या. पातळ सुती जाळीच्या स्वस्त पिशव्या फांदीला अडकून फाटतात आणि माश्या आत जातात. धुता येणाऱ्या सिंथेटिक घ्या. गरम मांस प्लास्टिकच्या पिशवीत कधीच घालू नका, त्याला पाणी सुटतं. उत्तरेकडच्या उतारावर सावलीत टांगा.

बारीकसारीक

कमरेच्या वर 500 चौरस इंच झगझगीत भगवं किंवा गुलाबी आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. ठिपक्यांचं भगवं चालत नाही. 10x42 ची हातदुर्बीण रायफलीच्या दुर्बिणीपेक्षा शंभरपट जास्त वापरली जाते, तिथे दर्जा बघा. रेंजफाइंडरची (अंतर मोजायच्या यंत्राची) बॅटरी थंडीत मान टाकते. तो आतल्या खिशात ठेवा, जादा बॅटरीसकट. बोल्टवरचं जाड तेल गोठून चिकट होतं. हंगामाआधी पुसून पातळ थर ठेवा. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावला की बर्फ आत जात नाही, आणि फैर करताना तो काढावा लागत नाही. रात्री रायफल गरम तंबूत आणू नका, काचेवर आणि बोल्टवर दव धरतं, सकाळी ते गोठतं. चालताना चेंबर रिकामं.

हंगाम संपल्यावर जाकिटाचे, पिशवीचे, कंबरपट्ट्याचे सगळे खिसे उलटे करा आणि काडतुसं मोजा. पेटीत 20 असतात, वापरलेली आणि उरलेली मिळून 20 भरलीच पाहिजेत. तीच सॅक पुढच्या महिन्यात मुंबईच्या विमानात जाणार असेल, तर शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर थेट आर्म्स ॲक्टखाली गुन्हा ठरू शकतं. आम्ही शिकारीची सॅक आणि गावी न्यायची सॅक आता वेगळ्याच ठेवतो. शिकारीच्या सॅकला पट्ट्यावर भगवी टेप गुंडाळलेली आहे.