दोन ब्रशलेस मोटरींची बोट: पावसाळ्यापासून एप्रिलपर्यंत

रिमोटवरच्या छोट्या बोटीला नुसता वेग हवा म्हणून दोन मोटरी घेणार असाल तर घेऊ नका. तेवढ्या पैशांत एकच दणकट मोटर येते आणि वायरिंगही निम्मं होतं. मी दोन लावल्या त्या वळण्यासाठी. बोट हळू चालली असताना रडरला, म्हणजे सुकाणूला, फारसं पाणी मिळत नाही. तेव्हा उजवी मोटर पुढे आणि डावी मागे दिली की ती जागच्या जागी फिरते. फक्त ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) बोटीचाच घ्या. विमानाच्या ईएससीत सहसा रिव्हर्स नसतो.

माझ्याकडे 2000 केव्हीच्या (म्हणजे लोड नसताना दर व्होल्टला 2000 आरपीएम) दोन सेन्सरलेस मोटरी, प्रत्येकीला वेगळा ईएससी आणि 3 सेलच्या दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या पॅरललमध्ये आहेत. म्हणजे व्होल्टेज 11.1 आणि लोड नसताना 22,000 च्या आसपास आरपीएम. पॅरलल करण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांना मीटर लावायचाच. व्होल्टेजमध्ये फरक असला तर भरलेलीतून रिकामीत एकदम जबर करंट जातो.

दोन्ही ईएससीत बीईसी (रिसीव्हरला कमी व्होल्टेज पुरवणारं सर्किट) असतो, म्हणून एकाच्या रिसीव्हर प्लगमधली लाल वायर काढून तिला श्रिंक ट्यूब चढवली. रिसीव्हरला एकाच बीईसीचा पुरवठा पुरतो. दोन स्विचिंग बीईसी एकमेकांशी भांडत बसतात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. काळ्या वायरचं मात्र कुणी सांगत नाही. एखाद्या ईएससीची बॅटरीकडची जाड निगेटिव्ह सुटली तर त्या मोटरचा करंट रिसीव्हरच्या बारीक काळ्या वायरीतून परतायचा रस्ता शोधतो आणि ती जळते. त्यामुळे निगेटिव्हचे जोड मी दर वेळी ओढून बघतो.

बॅटरीकडची वायर वाढवायची नाही, हा दुसरा नियम. लांब वायरीमुळे व्होल्टेजचे झटके येतात आणि ईएससीचे कपॅसिटर तापतात. अंतर भरून काढायचं तर मोटरकडच्या तीन वायरी वाढवा. एका मोटरच्या त्या तिनांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते. माझे पंखे बाहेरच्या बाजूला फिरतात, बोट सरळ जाते. पंखेही डावे-उजवे असे जोडीनेच घ्यावे लागतात.

इतक्या महिन्यांत कुरकुर केली ती फक्त बुलेट कनेक्टरांनी (मोटर आणि ईएससीच्या वायरी जोडणाऱ्या गोल पिना). मोटरीसोबत आलेल्यांची पाकळी सैल पडली, पितळ काळवंडलं आणि एक मोटर सुरू होताना अडखळून थरथरायला लागली. फेज, म्हणजे त्या तिनांतली एखादी वायर, नीट जोडली गेली नाही की हेच होतं. नवे 4 मिमीचे घेतले. लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून त्यात बुलेट उभा केला, त्याच्या वाटीत आधी कथील वितळवलं आणि मग वायर बुडवली. तेव्हापासून मोटर एकदम चूप.

गार पाण्याची नळी दोन्ही ईएससींना वेगवेगळी दिली आहे. बाजूच्या भोकांतून दोन धारा दिसल्या पाहिजेत. एक बारीक झाली की समजायचं शेवाळ अडकलं, बोट काठाला घ्यायची. इंदूरच्या उन्हात हे बघावंच लागतं.

चालवतो गावाबाहेरच्या एका शेततळ्यात. इंदूरचा सिरपूर तलाव 2022 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहे, तिथल्या पक्ष्यांत ही घरघर नकोच. शेततळ्यावरही बघे जमतातच, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "भिया, कित्ते की आई?" (भाऊ, केवढ्याला पडली?)

एखादा ईएससी बिघडला तर बदलताना त्याच मॉडेलचा घ्या आणि दोघांचं थ्रॉटल कॅलिब्रेशन (रिमोटच्या दांडीची सुरुवात आणि शेवट ईएससीला शिकवणं) पुन्हा करा. नाहीतर एक मोटर आधी उठते आणि बोट सुटतानाच तिरपी जाते.