सावंतवाडीची लाकडी फळं, ऑटिझम असलेल्या लेकासाठी
चितारआळीतल्या एका दुकानातून घेतली. लेक चार वर्षांचा, बॅटरीची खेळणी वाजली की कान झाकतो, ही गप्प असतात तेच बरंय. दुकान-दुकान वगैरे तो खेळत नाही, आंबा काजू फणस, आंबा काजू फणस अशी पडवीभर रांग लावतो आणि सासूबाई म्हणतात "अरे नीट खेळ की", पण तोच त्याचा खेळ ना! थेरपिस्ट म्हणाल्या रांग मोडू नका, शेजारी बसून तुम्हीपण लावा, तशी बसते तर परवा स्वतःहून माझ्या हातात फणस दिलान!! रंगाला वास येतो पण, आणि रंग कुठला ते दुकानदाराला सांगता येईना, तोंडात घालणाऱ्या पोरांसाठी विचारूनच घ्या. आंब्याचा देठपण सुटतो, गिळला तर? एक स्टार कट. सुटी फळं मिळतात, एकसारखे पाच-सहा आंबे मागा.